'ग्रुपवर टाकलं होतं ना!': या एका वाक्याने विद्यार्थी, शिक्षक आणि ऑफिस कसं बदललं?

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या वर्गातल्या एका मुलीचा फॉर्म भरायचा राहून गेला. फॉर्म होता एनएमएमएसचा, म्हणजे आठवीत असताना देता येणाऱ्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेचा. कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी ही परीक्षा असते. त्यात निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये.

उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो पुढच्या बुधवारपर्यंत आणून द्या, असा मेसेज आईने पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला टाकला. वर्गातही सांगितलं, पण ते दोन दिवस ती मुलगी गैरहजर होती. घरातला एकुलता एक स्मार्टफोन वडिलांकडे, आणि वडील ट्रकवर. त्याच रात्री ग्रुपवर कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. सकाळपर्यंत केक, फुलं आणि हात जोडलेल्या इमोजींच्या खाली तो मेसेज गडप झाला होता.

मुदत संपल्यावर वडील शाळेत आले. आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अहो, ग्रुपवर टाकलं होतं ना!"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मोबाइल माझ्याकडं असतो. परीक्षा तिची होती."

ही परीक्षा फक्त आठवीतच देता येते, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू असं म्हणायचीही सोय नव्हती. आई आजही ही गोष्ट सांगताना मधेच थांबते.

सोशल मीडियाचा विद्यार्थ्यांवर, शिक्षकांवर आणि नोकरीवर काय परिणाम होतो, हा विषय निघाला की आपण लगेच रील्स, व्यसन आणि वाया जाणारा वेळ यांवर येतो. ते सगळं खरं आहेच. पण एक बदल त्याहून गुपचूप झाला आहे. आधी निरोप पोहोचवणं ही निरोप पाठवणाऱ्याची जबाबदारी होती. आता निरोप शोधणं ही ज्याला हवा त्याची जबाबदारी झाली आहे.

हे कसं घडलं, त्याचा फटका कुणाला बसतो, कोर्टाने याबद्दल काय म्हटलं आहे आणि आपण काय करू शकतो, हे समजून घेऊया.

सूचना वहीपासून ग्रुपपर्यंत

तुमच्या शाळेत सूचना वही होती का? वर्ग सुरू असताना शिपाईकाका दारात यायचे, बाई वही वाचायच्या, खाली सही करायच्या आणि मग वर्गाला सांगायच्या, "उद्या शाळा अर्धा दिवस." ती सही महत्त्वाची होती. अमुक शिक्षकाने अमुक सूचना वाचली, याचा तो पुरावा असायचा. सही नसेल तर वही पुन्हा त्या वर्गावर जायची. ऑफिसातही तसंच. परिपत्रक टेबलाटेबलावरून फिरायचं आणि प्रत्येक जण आपल्या नावापुढे सही करायचा.

ही पद्धत संथ होती, पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत सूचना 'दिली' असं कुणी म्हणत नसे.

व्हॉट्सॲप २००९ मध्ये सुरू झालं. २०१४ मध्ये फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी ब्लू टिक आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्यांच्याकडे ईमेल आयडीही नव्हता, अशा कोट्यवधी लोकांच्या हातात व्हॉट्सॲप आलं. ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ सदस्यांची झाली आणि २०२२ मध्ये १,०२४ वर गेली. एवढी माणसं म्हणजे एक अख्खी शाळाच.

मग मार्च २०२० मध्ये शाळा, कॉलेजं आणि ऑफिसं एकदम बंद झाली. वर्ग भरवायला, हजेरी घ्यायला, काम वाटून द्यायला हाताशी काय होतं? जे सगळ्यांच्या फोनमध्ये आधीपासून होतं तेच. कुणाला प्रशिक्षण द्यावं लागलं नाही, कुणाला पैसे मोजावे लागले नाहीत. लॉकडाऊन संपला, पण ग्रुप काही बंद झाले नाहीत.

इथे एक शंका येऊ शकते. व्हॉट्सॲप हे तर निरोप पाठवायचं ॲप, ते सोशल नेटवर्क कसं? एकाने एकाला मेसेज पाठवला, तर ते नाहीच. पण शेकडो माणसं, स्टेटस, फॉरवर्ड, कोण ऑनलाइन आहे आणि कुणी वाचलं याची माहिती, हे सगळं एकत्र आलं की ते नेटवर्कच होतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांमध्ये आणि छोट्या ऑफिसांमध्ये रोजच्या कामाचं सोशल नेटवर्क आज हेच आहे.

विद्यार्थी: फोन घरात आहे, पण कुणाच्या हातात?

'असर' हा ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाचा पाहणी अहवाल आहे. लॉकडाऊनमध्ये, सप्टेंबर २०२० मध्ये ही पाहणी फोनवरून झाली. त्या आठवड्यात जेमतेम एक-तृतीयांश मुलांना शाळेकडून अभ्यासाचं काही साहित्य मिळालं होतं. ज्यांना मिळालं, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना ते व्हॉट्सॲपवर मिळालं. त्या वेळी सुमारे ६० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे बाकीच्या घरांसाठी 'शाळा ग्रुपवर सुरू आहे' याचा अर्थ 'शाळा बंद आहे' असाच होता.

आता स्मार्टफोन बहुतेक घरांत पोहोचलाय. पण घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात फोन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असरची २०२३ ची पाहणी १४ ते १८ वयोगटाची होती. त्यात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण होतं जेमतेम २० टक्के.

आता हे आकडे शाळेच्या ग्रुपला लावून बघा. गृहपाठ ग्रुपवर, परीक्षेचं वेळापत्रक ग्रुपवर, सहलीची परवानगी ग्रुपवर. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे त्याला सगळं वेळेत कळतं. जिला संध्याकाळी वडील किंवा भाऊ घरी आल्यावर दहा मिनिटं फोन मिळतो, तिला ग्रुपवरचे ८० मेसेज वर सरकवत आपला मेसेज शोधावा लागतो. मेसेज एकच असतो, पण तो मिळवायला दोघांना सारखे कष्ट पडत नाहीत.

दुसरी बाजूही बघायला हवी. असरच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातल्या मुलांना गेल्या आठवड्यात फोन कशासाठी वापरला, हे विचारलं होतं. ५७ टक्के मुलांनी अभ्यासाशी संबंधित काही केलं होतं आणि सुमारे ७६ टक्के मुलांनी सोशल मीडिया वापरला होता. म्हणजे अभ्यास आणि मनोरंजन एकाच पडद्यावर आलंय. "गृहपाठ बघतोय" असं म्हणून हातात घेतलेला फोन पाच मिनिटांनी रील्सवर असतो, हे आपण सगळ्यांनीच केलंय. मुलांना नुसता दोष देऊन भागत नाही, कारण गृहपाठ फोनवर पाठवायचा निर्णय मोठ्यांनी घेतलेला असतो.

तिसरा परिणाम म्हणजे अफवा. १८ जून २०२४ रोजी देशभरात यूजीसी-नेट ही परीक्षा झाली. प्राध्यापक होण्यासाठी आणि संशोधन फेलोशिपसाठी ती द्यावी लागते. ९ लाखांहून जास्त उमेदवार परीक्षेला बसले होते आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षा रद्द झाली. कारण टेलिग्रामवर प्रश्नपत्रिका फुटल्याची माहिती सरकारकडे आली होती. पुढे सीबीआयने तपास केला, तेव्हा फिरत असलेल्या त्या स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केल्याचं आढळलं. एका खोट्या फोटोमुळे लाखो मुलांचा प्रवासखर्च आणि कित्येक महिन्यांचं नियोजन वाया गेलं.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना हा ताण रोजचाच आहे. जाहिरात कधी येणार, तारीख पुढे गेली का, पेपर फुटला का, हे आधी टेलिग्राम चॅनलवर येतं आणि आयोगाच्या संकेतस्थळावर नंतर, कधीकधी येतही नाही. खरं-खोटं तपासण्याचं कामही आता वाचणाऱ्याच्याच गळ्यात पडलंय.

शिक्षक: वर्गाचा तास आणि ग्रुपचा तास

आईच्या फोनमध्ये शाळेशी संबंधित किती ग्रुप आहेत, हे मी एकदा मोजलं. शाळेचा, केंद्राचा, बीटचा, तालुक्याचा, विषयाचा, शालेय पोषण आहाराचा, मतदार यादीच्या कामाचा, संघटनेचा आणि प्रत्येक वर्गाच्या पालकांचा. एकूण १९.

यातल्या बऱ्याच ग्रुपवर येणारा मेसेज साधा नसतो, तो आदेश असतो. "सोबतची लिंक आज दुपारी २ पर्यंत भरावी." मेसेज येतो सव्वाअकराला, जेव्हा बाई फळ्यासमोर भागाकार शिकवत असतात. मग फोन बघायचा की वर्ग? फोन बघितला तर 'शिक्षक वर्गात मोबाइलवर असतात' अशी तक्रार होते. नाही बघितला तर संध्याकाळी ग्रुपवर 'माहिती न भरलेल्या शाळा' अशी यादी येते आणि त्यात आपल्या शाळेचं नाव सगळ्या तालुक्यासमोर लागतं.

आणखी एक सवय लागलीय, फोटोची. वृक्षारोपण केलं, फोटो टाका. शपथ घेतली, फोटो टाका. पालकसभा झाली, फोटो टाका. कार्यक्रम झाला की नाही यापेक्षा फोटो आला की नाही, हे आधी बघितलं जातं.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून इतर अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. पण हे कलम कामाबद्दल बोलतं, ग्रुपवरच्या मेसेजबद्दल नाही. 'फक्त एक लिंक भरा' हे कामासारखं दिसतच नाही. अशा दहा लिंक झाल्या की एक तास जातो आणि तो तास कुठल्याच नोंदीत येत नाही.

पालकांच्या ग्रुपचा वेगळाच प्रश्न आहे. ग्रुपमध्ये असलेल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो. वर्गशिक्षिकेचा खाजगी नंबर अशा प्रकारे चाळीस घरांत जातो. मग रात्री दहाला "मॅडम, उद्या डब्यात काय द्यायचं?" इथपासून नको त्या वेळी येणाऱ्या व्हिडिओ कॉलपर्यंत काहीही होऊ शकतं. सुट्टीत भाचीच्या लग्नाचा फोटो स्टेटसला ठेवला, तरी सोमवारी कुणीतरी विचारतं, "मॅडम, रजेवर होतात का?"

शिक्षकांनी सोशल मीडियावर काय बोलावं, यावर आता नियमही आलेत. महाराष्ट्र सरकारने २८ जुलै २०२५ रोजी सरकारी कर्मचाऱ्यांसाठी शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवा, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका, गोपनीय कागद टाकू नका, असं त्यात आहे. जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांचे कर्मचारीही त्यात येतात. त्याच निर्णयात कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्रामसारखी माध्यमं वापरायला मुभाही आहे. कर्मचाऱ्याने ग्रुपवर कसं वागायचं, हे आता कागदावर आलं. ग्रुपवरचा आदेश किती वाजेपर्यंत पाठवायचा आणि उत्तराला किती वेळ द्यायचा, याची मात्र रोजच्या कामात कुणी वाट बघत नाही.

पण नेटवर्कने शिक्षकांना काहीच दिलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात ना? पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकून त्यांनी मुलांना धड्यांचे व्हिडिओ आणि कविता फोनवर उपलब्ध करून दिल्या. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडची गंमत अशी, की तो पुस्तकात छापलेला असतो. आज बघा, उद्या बघा, पुढच्या महिन्यात शेजारच्यांच्या फोनवर बघा, तो जागेवरच असतो. ग्रुपवरच्या मेसेजसारखा तो वाहून जात नाही. तंत्र दोन्हीकडे आहे, पण एकात मुलाच्या सोयीचा विचार आहे आणि दुसऱ्यात पाठवणाऱ्याच्या.

ऑफिस: सुट्टी असते, ग्रुप नसतो

माझ्या पहिल्या इंटर्नशिपमधली गोष्ट. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ग्रुपवर मेसेज आला, की उद्या सकाळची शिफ्ट सहाला. मी झोपलो होतो. सात वाजता उठून मेसेज बघितला आणि धावत पोहोचलो. ऐकायला काय मिळालं, ते तुम्ही ओळखलं असेलच. "ग्रुपवर टाकलं होतं ना!"

नोकरीच्या ठिकाणी ग्रुपचा पहिला परिणाम हाच आहे. कामाची वेळ संपते, पण 'उपलब्ध' असण्याची वेळ संपत नाही. साहेबांनी रविवारी काही टाकलं आणि पाच जणांनी लगेच अंगठा दाखवला, की सहाव्याला गप्प बसणं जड जातं. मेसेज तातडीचा नसतोही. तरी 'वाचलं पण उत्तर दिलं नाही' हे सगळ्यांना दिसतं.

काही देशांनी यावर कायदे केलेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर आलेला फोन किंवा मेसेज न बघण्याचा आणि त्याला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. मात्र तो नकार अवाजवी असेल, तर हक्क लागू होत नाही.

भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात 'राइट टू डिस्कनेक्ट' विधेयक मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. हे खाजगी विधेयक आहे, म्हणजे सरकारने नाही तर एका खासदाराने मांडलेलं. असं विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याचं शेवटचं उदाहरण १९७० मधलं आहे. त्यामुळे कायद्याची वाट बघत बसलो, तर रविवारचे मेसेज येतच राहतील.

दुसरा परिणाम वागणुकीचा. ऑफिसच्या ग्रुपवर बाईमाणसाला उद्देशून टाकलेला अश्लील विनोद हा 'नुसता फॉरवर्ड' नसतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नकोसं शाब्दिक आणि अशाब्दिक वर्तनही येतं. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे आणि घटनेनंतर साधारण तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. अशा वेळी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि मूळ मेसेजही डिलीट करू नका.

आणि फायदा? नोकरी शोधताना नेटवर्क खरोखर कामी येतं. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. नवी नोकरी मिळायला अगदी जिवलग मित्रांपेक्षा थोडीफार ओळख असलेली माणसं जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. कारण सोपं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतं. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळातली बातमी आणतो. ज्या मुलाच्या घरात आधी कुणी नोकरी केलेली नाही, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

ब्लू टिक म्हणजे सही का? कोर्ट काय म्हणतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ग्रुपवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे कळवलं, असं कायद्याने म्हणता येतं का?

जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेला एक माणूस नोटीस घ्यायला टाळाटाळ करत होता. शेवटी कंपनीच्या अधिकाऱ्याने नोटिशीची पीडीएफ त्याला व्हॉट्सॲपवर पाठवली. न्यायालयाने नोटीस पोहोचल्याचं मान्य केलं. पण कारण नीट बघा. मेसेज नुसता पोहोचलाच नव्हता, तर सोबतची फाइल उघडली गेल्याचंही दिसत होतं, याची न्यायालयाने नोंद घेतली.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढची गोष्ट सांगितली. पोलिसांनी आरोपीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नये, ती कायद्यात सांगितलेल्या रीतसर मार्गानेच द्यावी. कारण त्या नोटिशीला उत्तर दिलं नाही, तर माणसाला अटक होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली.

हे दोन्ही एकत्र वाचलं की मुद्दा लक्षात येतो. 'पाठवलं का?' एवढ्यावर न्यायालय थांबत नाही. समोरच्याने ते बघितलं का आणि बघितलं नाही तर त्याचं किती नुकसान होणार आहे, हेही ते तपासतं. नुकसान जितकं मोठं, तितकी निरोप पोहोचवण्याची जबाबदारी मोठी. हे तत्त्व शाळेच्या फॉर्मला आणि ऑफिसच्या शिफ्टला लावायला कोणत्याही निकालाची गरज नाही.

ग्रुप ॲडमिनबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसायला हवा. त्यामुळे वर्गशिक्षिका ॲडमिन आहे म्हणून एखाद्या पालकाच्या फॉरवर्डसाठी तिला धारेवर धरणं चुकीचं आहे.

मग करायचं काय?

ग्रुप बंद करा, असा सल्ला मी देणार नाही, कारण ते कुणी करणार नाही. पण पुढच्या गोष्टी आजच करता येतील.

तुम्ही मेसेज पाठवणारे असाल तर:

• सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करा. वाढदिवसासाठी दुसरा ग्रुप असू द्या.

• मेसेज पाठवल्यावर त्यावर बोट दाबून धरा आणि 'इन्फो' उघडा. कुणी वाचला आणि कुणाला फक्त पोहोचला, त्यांची नावं तिथे दिसतात. एखाद्याने ब्लू टिक बंद ठेवली असली, तरी ग्रुपवर ती दिसतेच. न वाचलेले चार जण उरले असतील, तर त्या चौघांना फोन करा.

• पैसे, परीक्षा, प्रवेश किंवा नोकरी यांच्याशी संबंधित सूचना असेल, तर ती कागदावरही द्या. फळ्यावर लिहा, वहीत लिहून घ्या, पालकाची सही आणायला सांगा.

• मुदत देताना मेसेज वाचायला लागणारा वेळ धरा. आजचा मेसेज आणि आजचीच मुदत म्हणजे घाई तुमची आणि चूक दुसऱ्याची.

• रात्री सुचलं तर लिहून ठेवा आणि सकाळी पाठवा.

तुम्ही मेसेज वाचणारे असाल तर:

• तुमच्या घरात फोन एकच असेल, तर शाळेला ते स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा काहीच नाही. दुसरा एखादा साधा नंबर, शेजाऱ्यांचा किंवा आजीचा, देऊन ठेवा.

• परीक्षेबद्दलची कोणतीही बातमी अधिकृत संकेतस्थळावर बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

• व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'ग्रुप' या पर्यायात जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल, हे ठरवा. स्टेटस कुणाला दिसावं, तेही तिथेच ठरवता येतं.

• ऑफिसात नवीन असाल, तर पहिल्याच आठवड्यात विचारा, "तातडीचं काही असेल तर फोन कराल का? रात्रीचे मेसेज मी सकाळी बघतो." ऐकायला अवघड वाटतं, पण बहुतेक जण चालेल म्हणतात. त्यांनाही कुणी तरी हे आधी विचारायला हवं होतं.

आता आईच्या शाळेत

गेल्या वर्षी एनएमएमएसचे फॉर्म आले, तेव्हा आईने ग्रुपवर मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी 'इन्फो' उघडून बघितलं. सहा घरांनी मेसेज वाचला नव्हता. तिने चार घरी फोन केले. दोन फोन लागले नाहीत, म्हणून त्या मुलांच्या वहीत लिहून दिलं आणि खाली पालकांची सही मागितली. एक मुलगा तिसऱ्या दिवशी अंगठा उठवलेली वही घेऊन आला. आजी सही करत नाही, म्हणाला.

त्या वर्षी वर्गातल्या पात्र असलेल्या सगळ्या मुलांचे फॉर्म भरले गेले. या सगळ्याला आईचा किती वेळ गेला, हे मी विचारलं.

"पाऊण तास," ती म्हणाली.